शंभराच्या नोटेमागे पंचेचाळीस किलोमीटर

मी आता जुनी झाले आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर थकलेही आहे. तीन बाजूंना काच, वर काचेचं झाकण, मागे सरकतं लाकडी दार, आत एक फळी आणि खाली एक उथळ खण, एवढाच माझा देह. लांबी साठ सेंटीमीटर, उंची चाळीस. मला घडवणारा सुतार एरवी शेवयांच्या हातगाड्या बनवायचा. म्हणून माझ्या चारही कोपऱ्यांना अजून हातगाडीच्या पितळी पट्ट्या आहेत. पण माझ्यात कधी शेवया ठेवल्या गेल्या नाहीत. माझ्यात पैसे असत.

कांपाँग थोमच्या बाजारात, बसथांब्याच्या समोर, सारोअन मावशीच्या पुढ्यात मी चोवीस वर्षं बसले. मावशी नोटा बदलून द्यायची. आमच्या कंबोडियात दोन पैसे चालतात. एक आमचा रिएल, दुसरा दूरच्या देशाचा डॉलर. घरभाडं, मोटारसायकल, शाळा-कॉलेजची फी हे सगळं डॉलरमध्ये. भाजी, मासळी, बर्फाचा तुकडा रिएलमध्ये. पाच डॉलरची नोट देऊन साडेतीन डॉलरचा माल घेतला, तर एक डॉलर परत मिळतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोन हजार रिएल. डॉलरची नाणी इथे कुणी वापरत नाही. डॉलरची चिल्लर म्हणजे रिएल. दुकानदार एका डॉलरला सरळ चार हजार धरतात. मावशीचा भाव मात्र रोज सकाळी बदलायचा. कधी चार हजार साठ, कधी चार हजार ऐंशी. तो ती पुठ्ठ्यावर लिहून माझ्या काचेला टेकवून ठेवायची.

माझ्या पोटात उजवीकडे रिएलचे गठ्ठे असत, रबर लावलेले, विटांसारखे रचलेले. डावीकडे डॉलर, थोडेच, पण पाटावर बसवल्यासारखे सपाट. या दोघांना मिळणारी वागणूक मी इतकी वर्षं पाहिली आहे की त्यावर मी तासभर बोलू शकेन. रिएल कसाही चालतो. चुरगळलेला, भिजलेला, मासळीचा वास लागलेला, मधोमध चिकटपट्टीने जोडलेला. कुणी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. डॉलरच्या कडेला मात्र दोन मिलिमीटरची चीर असली तरी लोक तो हातात साप आल्यासारखा परत करतात. असं का, हा प्रश्न मला खूप वर्षं पडला होता. भाजीवाली म्हणते, व्यापारी घेत नाही. व्यापारी म्हणतो, बँक कटकट करते. बँकेत काय म्हणतात ते मला माहीत नाही, मी तिथे कधी गेले नाही. पण चीर पडलेल्या नोटेवर छापलेला आकडा तोच असतो, आणि तरी तिची किंमत कमी होते, हे मी रोज पाहिलं.

मावशी अशा नोटा कमी भावाने विकत घ्यायची. शंभराला नव्वद. मग त्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि महिन्याने राजधानीच्या दलालाला द्यायची. चांगली आणि वाईट नोट ओळखायला तिला डोळे लागत नसत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती अंगठा नोटेच्या चारही कडांवरून फिरवायची. दोन सेकंद. मुंगीने चावा घेतल्याएवढी चीरसुद्धा त्या अंगठ्यातून निसटत नसे.

ते माझे चांगले दिवस होते. सकाळी मावशी मला ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या कागदाने. प्रवासी बसमधून उतरले की सरळ आमच्याकडे येत. परदेशी पाहुणेही येत. एकदा एका उंच पाहुण्याने शेजारच्या शहाळेवालीपुढे शंभर डॉलरची नोट धरली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे बाबा, यात माझी गाडी येईल, छत्री येईल, आणि वर मीपण येईन! एवढीशी तहान आणि एवढी मोठी नोट?" सगळा बाजार हसला. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला. मावशीने त्याला जवळ बोलावून शंभराचे सुट्टे करून दिले, थोडे रिएल दिले, आणि खुणांनी समजावलं की हे रिएल इथेच खर्चून टाक, सीमेपलीकडे यांना रद्दीचा भाव आहे. तिच्याकडे आलेला माणूस फसून गेला, असं त्या वर्षांत कुणी म्हटलं नाही.

मग मावशीला साखरेचा आजार झाला.

सुरुवातीला तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येत. ती हात झटकायची आणि कामाला लागायची. पुढे मुंग्या येईनाशा झाल्या. तिला वाटलं, बरं वाटतंय. मला मात्र दिसत होतं. तिचा अंगठा चारही कडांवरून फिरत होता, पूर्वीसारखाच, दोन सेकंद. फक्त आता तो काहीच वाचत नव्हता.

हे मला एकटीलाच माहीत होतं असं नाही. लोक फाटकी नोट घेऊन परत येत. पण ती सारोअन मावशीसमोर ठेवायचा कुणाला धीर होत नसे. एवढ्या वयाची बाई, एवढं नाव, आणि तिला सगळ्यांदेखत चूक दाखवायची? ते लोक शेजारच्या यिमकडे जात. यिम सुकी मासळी विकायची, बोलायला फटकळ, पण मावशीला सख्ख्या बहिणीसारखी. मावशी जेवायला गेली की यिम हात धुऊन यायची, माझं दार सरकवायची, वाईट नोट डब्यात टाकायची आणि गठ्ठ्यातली एक चांगली काढून माणसाला द्यायची. "तिला कळू देऊ नका," एवढंच म्हणायची. मावशी परत येऊन बसे, अंगठा फिरवी, आणि सगळं पूर्वीसारखंच चाललं आहे असं समजे.

आता मी तुम्हाला त्या एका दिवसाची गोष्ट सांगते.

सकाळी आठ वाजता एक परदेशी जोडपं शंभराची एक नोट घेऊन आलं. डाव्या कोपऱ्याजवळ तिला चीर होती, एवढी मोठी की ती मावशीलाही डोळ्यांनी दिसली. मावशीने नव्वद दिले आणि ती नोट डब्यात टाकण्यासाठी बाजूला ठेवली. डबा खाली होता, गुडघे दुखत होते, म्हणून ती म्हणाली, टाकू नंतर. माझ्या वरच्या फळीवर तेव्हा दोन शंभराच्या नोटा होत्या, एक चांगली, एक ही.

नऊच्या सुमारास एक मुलगी आली. असेल अठरा वर्षांची. खांद्यावर कापडी पिशवी, पायात नव्या चपला, आणि चपलांनी टाच सोललेली.

"आजी, इथे डॉलर मिळतात ना?"

"आजी?" मावशीने मान वर केली. "माझे सगळे दात जागेवर आहेत, बाई. मोजून बघ पाहिजे तर."

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "चुकलं, मावशी."

"आता कसं! किती पाहिजेत?"

"एकशेवीस." तिने पिशवी माझ्या झाकणावर उलटी केली.

मित्रांनो, मी पुष्कळ पैसे पाहिले आहेत, पण तसे क्वचित. हजार रिएलच्या साडेतीनशे नोटा आणि पाचशेच्या दोनशे चौऱ्याऐंशी. सगळ्यांना हळदीचा आणि माशाच्या रश्श्याचा वास. मुलीचं नाव डालीन. तिची आई गावोगाव खांद्यावर कावड घेऊन तांदळाच्या शेवया विकायची, एक वाडगा दोन हजाराला. प्रत्येक वाडग्यामागे काहीतरी बाजूला पडत गेलं होतं. राजधानीतल्या एका शाळेत डालीनचा सुईणीच्या शिक्षणासाठी नंबर लागला होता. फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी चार वाजता खिडकी बंद होणार होती. आणि शाळेला डॉलरच हवे होते, तेही कोरे. पत्रात तसं लिहिलं होतं. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"बस किती वाजता?" मावशीने विचारलं.

"साडेनऊ."

"मग मोज, बघतेस काय? पाचशेच्या तू, हजाराच्या मी. यिम, जरा गिऱ्हाईक सांभाळ गं माझं."

"तुझं गिऱ्हाईक माझ्या मासळीला घाबरून पळतं," यिम म्हणाली, पण उठली.

चार लाख ब्याण्णव हजार भरले. त्या दिवशीच्या भावाने चार लाख एकोणनव्वद हजार सहाशे घेऊन मावशीने दोन हजार चारशे परत केले. "पाव खा वाटेत." समोर बसचा हॉर्न वाजत होता. मावशीने माझं दार सरकवलं, वरच्या फळीवरून एक शंभराची नोट उचलली, एक विसाची उचलली, अंगठा फिरवला, आणि दिल्या.

आमच्या बाजारात डॉलर घेताना माणूस तो तिथेच उलटून पाहतो, उजेडाला धरतो, कडा तपासतो. त्यात कुणाचा अपमान नसतो. पण डालीन खेड्यातून आली होती. तिच्या हातातून आजवर रिएलच गेले होते, आणि रिएल कुणी तपासत नाही. वडीलधाऱ्या बाईने दिलेली वस्तू तिच्यासमोर उलटीपालटी करून पाहणं तिला उद्धटपणा वाटला. तिने दोन्ही हात पुढे करून नोटा घेतल्या, कपाळापर्यंत हात जोडले आणि पळाली.

मी ती नोट ओळखली होती. डाव्या कोपऱ्याजवळची चीर माझ्या काचेला घासून गेली होती. पण मी काय करणार?

पंधरा मिनिटांनी गर्दी ओसरली. मावशीने वाकून डबा वर काढला आणि फळीवरची नोट त्यात टाकण्याआधी सवयीने उजेडाला धरली. डावा कोपरा पाहिला. चीर नव्हती. तिने नोट उलटी केली. चीर नव्हती.

ती उठून उभी राहिली. "यिम. मी त्या पोरीला फाटकी दिली."

यिम मान खाली घालून मासळीवरच्या माश्या हाकलत राहिली.

मावशी रस्ता ओलांडून तिकिटवाल्याकडे गेली. त्याने बसच्या चालकाला फोन लावला. चालक वैतागला होता. परत फिरणार नाही म्हणाला. बारायच्या पंपावर डिझेल भरायला थांबणार होता, तिथे फार तर दहा मिनिटं वाट पाहीन, त्यानंतर देव तुमचं भलं करो. बाराय आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवर आहे.

थांब्यावर हाक नावाचा मोटारसायकलवाला झोपाळ्यात पडलेला होता. मावशीने झोपाळ्याची दोरीच हलवली. "ऊठ. बारायला. लगेच."

"मावशी, मला नोट द्या ना, मीच पोचवतो."

"माझ्या हातून गेली, माझ्या हातून बदलून जाईल. चल."

"आणि पेटी?" यिमने विचारलं. "माझ्याकडे ठेव. मी बसते."

"तुझ्या हाताला सुक्या मासळीचा वास. सगळ्या डॉलरना लागला तर घेईल कोण? शिवाय तिथे सुट्टे लागले तर?" असं म्हणून मावशीने मला उचललं, हाकच्या मागे बसली, आणि मला मांडीवर घट्ट धरलं.

तोवरच्या एकवीस वर्षांत मी बाजारापासून मावशीच्या घरापर्यंत, एवढाच प्रवास केला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठा रस्ता पाहिला. मागे मावशी, पुढे हाकची पाठ, आणि मध्ये मी, खडखड वाजत. खड्डा आला की माझी काच मावशीच्या हनुवटीला लागायची.

"हळू रे! काच आहे!"

"हळू चालवू का बस गाठू? एक काहीतरी सांगा!"

"दोन्ही कर!"

वीस-एक किलोमीटरवर एका खड्ड्यात माझा खालचा खण उघडला. त्यात शंभर रिएलच्या नोटा होत्या, अगदी कमी मोलाच्या, सुट्ट्या. वाऱ्याने त्या एकेक करून उचलल्या. हाकने आरशात पाहिलं. "मावशी! पैसे उडतायत! थांबू का?"

"थांबू नकोस."

नोटा मागे रस्त्यावर पसरत गेल्या. मावशी मान वळवून पाहत होती. मग हलक्या आवाजात, बहुतेक स्वतःशीच, म्हणाली, "असं एकदा पाहिलंय मी." ती तरुण असताना आमच्या देशात नव्या राज्यकर्त्यांनी पैसाच रद्द केला होता. सगळा. तेव्हा रस्त्यांवर नोटा पाचोळ्यासारख्या पडलेल्या असत आणि कुणी वाकत नसे. तिच्या वडिलांनी आपली सगळी बचत चूल पेटवायला वापरली. पैसा परत आला तेव्हा वडील नव्हते. एवढं पाहिलेल्या बाईने पुढे आयुष्यभर नोटाच हाताळल्या. मला तिचं आश्चर्य वाटतं. कदाचित दुसरं काही मिळालं नसेल.

बारायच्या पंपावर बस होती. चालक पायरीवर एक पाय ठेवून घड्याळ पाहत होता.

"ती शेवयावालीची पोरगी! खाली पाठव!" मावशीने लांबूनच ओरडून सांगितलं.

डालीन उतरली ती रडवेली होऊनच. खिडक्यांतून सगळी बस पाहत होती. "मावशी, मी काही जास्त घेतलं नाही! शपथ! मोजलं ना आपण दोघींनी?"

"तू नाही गं, मी. मीच तुला फाटकी दिली. काढ."

डालीनने पिशवीच्या आतल्या शिवणीतून नोट काढली. मावशीने डावा कोपरा दाखवला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. ही नोट घेऊन ती चारला दहा कमी असताना त्या खिडकीपुढे उभी राहिली असती.

"तिथेच का नाही पाहिलंस?"

"तुम्ही दिली होती." ती गोंधळली. "आई म्हणते, मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यावं. उलटून बघू नये."

"ते भाताचं झालं. भात दिला तर बघू नकोस. डॉलर दिला तर बघ, देणारी तुझी आजी असली तरी बघ. ही घे दुसरी. माझ्यासमोर बघ. चारही कडा. उन्हाला धर."

डालीनने नोट उन्हात धरली. सावकाश फिरवली. एक कड, दुसरी, तिसरी. मग तिचा हात थांबला. तिने मावशीकडे पाहिलं.

"काय झालं?"

"तुम्हाला राग येईल."

"नाही येत. बोल."

"इथे." तिने खालच्या कडेवर नख ठेवलं. "बारीकशी आहे."

मावशीने नोट घेतली. अंगठा त्या कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग उलट्या बाजूने. मी तिच्या मांडीशी होते, मला तो अंगठा अगदी जवळून दिसत होता. तो चिरेवरून तीनदा गेला आणि तीनदाही त्याला काही कळलं नाही.

"हाक, आहे का रे?"

हाकने वाकून पाहिलं. "आहे, मावशी. दोन मिलिमीटर तरी."

बसचा हॉर्न वाजला. "मावशी, तिचं लग्न जुळवताय की काय? जाऊ का मी?" चालक ओरडला.

"थांब! पाच मिनिटं!" मावशी मला घेऊन पंपाच्या कठड्यावर बसली आणि माझं दार पूर्ण सरकवलं. "पोरी, सगळ्या नोटा तुझ्यासमोर आहेत. विसाच्या, दहाच्या, पाचाच्या. मी हात लावत नाही. शंभर भरतील तेवढ्या तूच निवड."

डालीनने माझ्या झाकणावर नोटा मांडल्या. एकेक उचलून उन्हाला धरली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. विसाच्या तीन चांगल्या मिळायला तिला पाच पाहाव्या लागल्या. दहाच्या चार मिळायला नऊ. नको असलेली प्रत्येक नोट ती दोन्ही हातांनी, हळूच, मावशीच्या बाजूला ठेवत होती. तेवढ्याने काही लपत नव्हतं. सात नोटा बाजूला पडल्या. त्या सगळ्या मावशीने चांगल्या म्हणून घेतल्या होत्या, पूर्ण भावाने. शेवटी डालीनने आधीची विसाची नोटही तपासली. ती ठीक होती.

"झाले एकशेवीस," ती म्हणाली. मग तिने हात जोडले आणि तिला काहीतरी अजून म्हणायचं होतं, पण चालकाने तिला दंडाला धरून वर ओढलं. बस गेली.

हाकने भीत भीत विचारलं, "मावशी, भाडं..."

"देते. पण डॉलर मागू नकोस." तिने गठ्ठ्यातून हजाराच्या नोटा काढल्या. हाक हसला. ती हसली नाही.

बाजारात पोचल्यावर मावशीने मला जागेवर ठेवलं, सात वाईट नोटा पंख्यासारख्या पसरल्या आणि यिमला विचारलं, "कधीपासून?"

यिमने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नववर्षाच्या आधीपासून. दहा महिने झाले असतील."

"तुला कसं माहीत?"

"लोक माझ्याकडे घेऊन यायचे. मी बदलून द्यायचे. तू जेवायला गेलीस की."

"आणि मला कुणी बोललं नाही. आख्ख्या बाजारात कुणी नाही."

"तुला कोण सांगणार, ताई? तुझा मान..."

"माझा मान राखलात," मावशी म्हणाली. आवाज चढलाच नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. "त्या पोरीचं आयुष्य गेलं असतं त्या मानापायी."

यिमने खांद्यावरच्या चौकडीच्या पंच्याने डोळे पुसले. मासळीचा वास लागलेलाच पंचा. दोघी दुपारभर बाजूबाजूला बसून राहिल्या. मावशी त्या दिवशी जेवायला गेली नाही. दर थोड्या वेळाने तिकिटवाल्याच्या टपरीकडे पाहत होती.

साडेतीनला तो धावत आला. डालीनचा फोन आला होता. फी भरली. खिडकीतल्या बाईने सगळ्या नोटा तीनदा उलटल्या, एकही परत केली नाही. "आणि म्हणाली, मावशीला सांगा, पावतीपण मी तिथेच उलटून बघितली. नावात चूक होती. दुरुस्त करून घेतली."

मावशीने "बरं" म्हटलं. मग पुठ्ठा काढला, आणि भावाच्या खाली जाड अक्षरांत लिहिलं: नोटा माझ्यासमोर तपासून घ्या. मला बोटांनी कळत नाही.

असं लिहिल्यावर धंदा बुडेल, असं यिमला वाटलं होतं. तो बुडाला नाही, नुसता हळू झाला. लोक येत, नोटा उन्हाला धरत, कधी नको म्हणत. पहिल्या दिवसांत ते फार संकोचायचे. मग सवय झाली. मावशी दुखऱ्या पायाकडे पाहिल्यासारखी त्या परत आलेल्या नोटांकडे पाहायची. आणखी तीन वर्षं आम्ही तसे बसलो. मग लोक फोन दाखवून पैसे देऊ लागले, आणि नोटा बदलायला येणारा माणूस दिवसाकाठी एखादा उरला. एके दिवशी मावशीने मला घरी नेलं ते परत आणलंच नाही.

आता मी तिच्या खिडकीखाली असते. माझ्या उजव्या बाजूला तिच्या गोळ्या असतात, डाव्या बाजूला साखर मोजायच्या पट्ट्या आणि सुया. रोज सकाळी ती बोटाला सुई टोचते. रक्ताचा थेंब येतो. तिचा चेहरा बदलत नाही. मला आता रोज कुणी पुसत नाही. मीही तशी अपेक्षा ठेवलेली नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी दोन पैशांच्या देशात गेलात, तर घेतलेली नोट देणाऱ्यासमोरच पाहून घ्या, सुट्टे जवळ ठेवा, आणि निघताना तिथला पैसा तिथेच खर्च करा. हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. तुमच्या घरातही कुणाचे तरी हात असे थकत आले असतील. भाजीत दोनदा मीठ पडत असेल, औषधाची गोळी चुकत असेल, आणि तुम्ही सगळे मिळून ते गुपचूप सावरून घेत असाल, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्यांना सांगा. प्रेमाने सांगा, पण त्यांच्यासमोर सांगा. मी दहा महिने तो अंगठा माझ्या काचेआडून पाहत होते.

मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.